कच्च्या कैद्यांचे फादर

आमच्या शिरवळाजवळ पुणें-सातारा रस्त्यावर एक जुनी दगडी पाणपोई आहे. ती यादवांच्या काळची असल्याचें जाणते सांगतात. उन्हांतून आलेल्या वाटसरूस पाणी मिळावें, एवढाच तिचा हेतु. तो कोणत्या जातीचा, त्याच्यावर कांहीं गुन्हा आहे काय, हें विचारण्याची सोय त्या दगडांत नाहीं. नोव्हेंबर २०२० मध्यें एक बातमी वाचून मला ती पाणपोई आठवली. नवी मुंबईजवळच्या तळोजा तुरुंगांतील एका ८३ वर्षांच्या कैद्यानें न्यायालयाकडे पाणी पिण्यासाठीं नळी आणि झांकणाचा पेला मागितला होता. त्यास कंपवात होता. साधा पेला हातांत धरवत नसे. अर्ज ६ नोव्हेंबरचा. उत्तर देण्यास तपास-यंत्रणेनें २० दिवसांची मुदत मागून घेतली आणि २६ तारखेस सांगितलें कीं, असा पेला आम्हीं जप्त केलेलाच नाहीं. तेव्हां देशांतील ठिकठिकाणच्या लोकांनीं तुरुंगाच्या पत्त्यावर असले पेले धाडण्यास आरंभ केला. पुढें तुरुंगाकडून त्यांस पेला मिळाला, हेंहि नमूद केलें पाहिजे.

ते कैदी म्हणजे फादर स्टॅन स्वामी.

त्यांचा जन्म २६ एप्रिल १९३७ रोजीं तामिळनाडूंतील तिरुचिरापल्ली जिल्ह्यांत झाला. विसाव्या वर्षीं ते जेझुइट पंथांत शिरले. हा पंथ मराठी श्रोत्यांस अगदींच परका नाहीं. १६१६ सालीं ज्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ छापलें गेलें, ते गोमंतकांतील फादर स्टीफन्स ह्याच पंथाचे होते. स्टीफन्स येथें आले ते धर्मोपदेशासाठीं. स्टॅन स्वामींनीं आदिवासींमध्यें राहून त्यांना शिकविला तो मुख्यतः देशाचा कायदा.

त्यांच्या चरित्रांतील एक प्रसंग मला, शिक्षक या नात्यानें, फार जवळचा वाटतो. १९६५ च्या सुमारास हे तरुण गृहस्थ हल्लींच्या झारखंडांतील चाईबासा भागांत शाळेवर शिकवीत होते. शाळेंतील हो जमातीच्या मुलांबरोबर ते आठवड्याच्या बाजारास जात. तेथें मुलांचे आईबाप डोक्यावरून आणलेला माल विकीत आणि व्यापारी त्यांना उघडउघड फसवीत. मास्तर पाहत, पण त्यांना कांहीं करतां येत नसे. आपल्या विद्येचा या माणसांस उपयोग काय, हा प्रश्न तेथें त्यांच्या मनांत रुतला. पुढें फिलिपाइन्समध्यें समाजशास्त्राचें शिक्षण झालें, बंगलोरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचें संचालकपद झालें. पण अखेर ते फिरून झारखंडांत आले आणि तीस वर्षें तेथेंच राहिले. २००६ सालीं रांचीजवळ नामकुम येथें त्यांनीं ‘बागाइचा’ नांवाचें केंद्र उभारलें. त्याच्या आवारांत जमिनीच्या लढ्यांत मेलेल्या आदिवासींचीं नांवें कोरलेली शिळा आहे.

मीं नागरिकशास्त्र बरींच वर्षें शिकविलें. राज्यघटनेंत किती परिशिष्टें आहेत, हें माझा विद्यार्थी झोपेंत सांगेल. परंतु पांचव्या परिशिष्टानें आदिवासी प्रदेशास खास संरक्षण दिलें आहे, १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्यानें तेथील आदिवासींची जमीन बाहेरच्यांस विकण्यास आळा घातला आहे, १९९६ च्या ‘पेसा’ कायद्यानें ग्रामसभेस अधिकार दिले आहेत, २००६ च्या कायद्यानें वनांवरील हक्क मान्य केले आहेत, ही हकीकत ज्यांच्यासाठीं आहे त्यांच्यापर्यंत पोंचते काय, हा विचार मला कधीं शिवला नाहीं. फादर तोच प्रश्न घेऊन गांवोगांव हिंडत. खाणी, धरणें आणि कारखाने यांसाठीं जमिनी जात होत्या. त्यांचें विचारणें एवढेंच कीं, ग्रामसभेची संमति घेतली काय?

विरोध करणारीं तरुण माणसें नक्षलवादी म्हणून तुरुंगांत जाऊं लागलीं. फादर व त्यांचे सहकारी यांनीं शंभरांवर आरोपींची चौकशी करून त्याचा अहवाल काढला. ज्यांचा निकाल लागलेला नाहीं, असे हे कच्चे कैदी. बहुतेक अत्यंत गरीब. आपला नक्षलवाद्यांशीं संबंध नाहीं असेंच जवळजवळ सर्वांचें सांगणें. पुढें फादरांनीं उच्च न्यायालयांत अर्ज केला कीं, या लोकांचे खटले लवकर चालवा. ही स्थिति केवळ झारखंडची नव्हे. २०२२ च्या सरकारी आंकडेवारीप्रमाणें भारतांतील दर चार कैद्यांपैकीं सुमारें तीन कच्चे होते.

येथें मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यासारखी नाहीं. म्हणूनच इतकीं वर्षें मीं ती घरींहि सांगितली नव्हती. १९९६ सालीं नीरेच्या कांठीं कातकऱ्यांच्या पांच-सात झोपड्या होत्या. त्यांतील एक मुलगा माझ्या वर्गांत येई. गणितांत चलाख, अंगावर एकच सदरा. एका विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीस गेली आणि संशयावरून त्याच्या बापास धरून नेलें. न्यायालयानें जामीन मंजूर केला. पण जामीन मंजूर होणें आणि तो मिळणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सात-बाराचा उतारा असलेला कोणी तरी उभा राहावा लागतो. एका सकाळीं त्या मुलाची आई माझ्या ओट्याखालीं येऊन उभी राहिली.

“गुरुजी, तुमची सही झाली तर माणूस घरीं येईल.”

“बघूं,” मी म्हणालों.

मीं बघितलें नाहीं. लोक काय म्हणतील, तो पळून गेला तर काय, अशीं कारणें मजपाशीं होतीं. अकरा महिन्यांनीं तो मनुष्य निर्दोष सुटला. तोंपर्यंत बायको मुलांना घेऊन वीटभट्टीवर गेली होती. मुलाचें नांव हजेरीपटावरून मींच कमी केलें. कारणाच्या रकान्यांत ‘सतत गैरहजर’ असें लिहिलें. अक्षर सुरेख आलें होतें.

फादर स्टॅन यांस ८ ऑक्टोबर २०२० रोजीं रांची येथें अटक झाली. भीमा-कोरेगांव प्रकरणांतील ते सोळावे आरोपी. बंदी असलेल्या माओवादी पक्षाशीं संबंध असल्याचा आरोप होता; त्यांनीं तो नाकारला आणि आपण भीमा-कोरेगांवास कधीं गेलोंच नाहीं, असें सांगितलें. खरें-खोटें ठरविणें न्यायालयाचें काम, माझें नव्हे. पण तें ठरलेंच नाहीं. बेकायदा कृत्यें प्रतिबंधक कायद्याखालीं आरोप सकृद्दर्शनीं खरा वाटल्यास जामीन देतां येत नाहीं. मार्च २०२१ मध्यें विशेष न्यायालयानें त्यांचा अर्ज फेटाळला.

ज्यांनीं कच्चे कैदी मोजले, तेच आतां कच्चे कैदी झाले होते. आणि मोजण्याची संवय तेथेंहि सुटली नाहीं. त्यांचीं तुरुंगांतून आलेलीं पत्रें स्वतःच्या दुखण्याविषयीं थोडकींच बोलतात. कोणी मला जेवावयास मदत करतो, कोणी आंघोळ घालतो, माझ्या खोलींतील दोघे कपडे धुतात, गुडघे चोळतात. ते फार गरीब घरचे आहेत, त्यांची आठवण ठेवा, असें त्यांनीं कळविलें. दुसऱ्या एका पत्रांत लिहिलें कीं, येथील कित्येक गरिबांस आपल्यावर आरोप कोणता हेंहि ठाऊक नाहीं. त्यांनीं आरोपपत्र पाहिलेलें नाहीं, वकील नाहीं, आणि वर्षें जात आहेत.

२१ मे २०२१ रोजीं उच्च न्यायालयानें त्यांस दृक्‌श्राव्य यंत्रावरून विचारलें. त्यांनीं सांगितलें कीं, आलों तेव्हां मी हातानें जेवत होतों, चालत होतों, थोडें लिहीतहि होतों. आतां एकेक करून सर्व गेलें. रुग्णालयांत पाठवूं काय, असें विचारतां ते म्हणाले, त्यापेक्षां येथेंच मरेन. मला माझ्या माणसांत राहावयाचें आहे. कांहीं दिवसांनीं त्यांस वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयांत हलविलें. तेथें त्यांस कोरोना झाल्याचें आढळलें. ५ जुलै २०२१ रोजीं त्यांच्या जामिनाची सुनावणी होती. त्याच दिवशीं दुपारीं ते वारले, आणि तें वर्तमान न्यायालयांत सांगण्यांत आलें. त्यांची रक्षा पुढें बागाइचांत नेली.

त्या दिवसानंतर मी दोन वेळां जामीन राहिलों आहें. पहिला इसम तारखेस आलाच नाहीं. मला नोटीस आली, साताऱ्याचे चार हेलपाटे झाले, आणि घरीं जें ऐकून घ्यावें लागलें तें नभोवाणीवर सांगतां येणार नाहीं. दुसरा कातकरी आहे, मासे धरतो. त्याची तारीख येत्या सोमवारीं आहे. एस. टी. सात वाजतां सुटते. मीं त्याला साडेसहालाच स्थानकावर बोलाविलें आहे.