पडद्यावर रेंगाळणारी प्रतिमा

(शिरूर व दौंड तालुक्यांतील ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि संगणक परिचालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय दिसायला लहान आहे. संगणकाच्या पडद्यावर एखादे चित्र फार वेळ राहिले, की ते काढून टाकल्यावरही त्याची पुसट छाया मागे उरते. एवढ्याशा गोष्टीसाठी आपणा सर्वांचा वेळ का घ्यावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर म्हणून मी पाहिलेला एक प्रसंग प्रथम सांगतो.

भीमाकाठच्या एका गावात, दिवाळीच्या सुटीनंतर ग्रामपंचायतीचे कार्यालय उघडले त्या दिवशी मी तेथे होतो. सुटीवर जाताना संगणक बंद करावयाचा राहून गेला होता. नमुना ८ मधील एका घराची नोंद चार दिवस व चार रात्री पडद्यावर तशीच उघडी होती. सकाळी एक वृद्ध भगिनी आल्या. पतीच्या निधनानंतर घरावर त्यांचे नाव लागले होते आणि त्याचा उतारा त्यांना हवा होता. परिचालकाने त्यांची नोंद उघडली व पडदा त्यांच्याकडे वळविला. त्यांनी नीट निरखून पाहिले आणि विचारले, "बाबा, माझ्या नावामागं हे दुसऱ्या कुणाचं नाव दिसतंय?"

खरोखरच दिसत होते. सुटीभर उघड्या राहिलेल्या नोंदीतील घरमालकाचे नाव त्यांच्या नावाआडून पुसटसे डोकावत होते. बोलता बोलता चार माणसे जमली. नोंदीत फेरफार झाल्याचा संशय एकाने बोलून दाखविला. परिचालक बिचारा गोंधळून गेला. छापील उतारा हाती पडला तो अगदी स्वच्छ होता, तरी त्या माऊलीचे समाधान झाले नाही. पुढे पडदा निकामी ठरवून कपाटात टाकण्यात आला, नवा आणण्यात आला आणि निष्काळजीपणाबद्दल त्या मुलाच्या मानधनातून काही रक्कम कापून घेण्यात आली. तीन आठवड्यांनी सभेसाठी जादा पडदा लागला, म्हणून कपाटातील जुना पडदा काढून जोडला. तो निर्मळ होता. नावाची खूणही उरली नव्हती.

सांगावयाचे ते या प्रसंगात आलेच आहे. असा ठसा पडद्यावर असतो, दप्तरात नसतो. आणि बहुतेक वेळा तो आपोआप जातो. एवढी माहिती त्या कार्यालयात कोणाला असती, तर एका वृद्धेचा विश्वास, एका मुलाचे मानधन आणि गावाचा पैसा या तिन्ही गोष्टी वाचल्या असत्या.

द्रवस्फटिकाची ओळख

आपल्या मेजावरील सपाट पडद्याला आपण एलसीडी म्हणतो. त्याचा प्राण म्हणजे द्रवस्फटिक. १८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनित्सर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरापासून मिळविलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचा अभ्यास करीत होते. ते संयुग १४५.५ अंश सेल्सियसला वितळून गढूळ द्रव झाले आणि १७८.५ अंशांना तो द्रव एकाएकी निवळला. एका पदार्थाचे दोन वितळबिंदू कसे, या कोड्यातून द्रवासारखी वाहणारी, पण स्फटिकासारखी रेणूंची शिस्त पाळणारी एक नवी अवस्था जगाला कळली. या शोधाचा पडद्यासाठी उपयोग होण्यास ८० वर्षे लागली. १९६८ साली अमेरिकेत आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवस्फटिकाचा पहिला प्रदर्शन-पडदा जगापुढे मांडला.

या विद्येत भारताचाही मोठा वाटा आहे आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रात आहे. प्रा. शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी नागपूर विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९५४ साली त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखवून दिले, की काडीसारख्या रेणूंप्रमाणेच चकतीसारख्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात. अशा रेणूंचा पातळ थर पुढे पडद्यांवर वापरला जाऊ लागला आणि बाजूने पाहणाऱ्यालाही चित्र नीट दिसू लागले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे शिरूर तालुक्याला दूरचित्रवाणी संचांचा कारखाना नवा नाही. त्या संचांच्या काचेआड काय घडते, हे तालुक्यातील विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे, अशी शिक्षकांना विनंती आहे.

ठसा का पडतो?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पडद्याच्या मागील बाजूस प्रकाश असतो. पुढे दोन काचांच्या मध्ये, मिलिमीटरच्या काही हजारांश भाग जाडीचा द्रवस्फटिकाचा थर असतो. नेहमीच्या आकाराच्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला विजेचा लहानसा दाब दिला, की तेथील रेणू आपली दिशा बदलतात आणि प्रकाश कमी-अधिक प्रमाणात पुढे सोडतात. खिडकीच्या झडपा कमी-जास्त उघडाव्यात, तसेच हे आहे.

हा दाब सतत एकाच दिशेने दिला तर थराची हानी होते. म्हणून पडद्याची रचनाच अशी असते, की चित्र नव्याने मांडताना, म्हणजे सामान्यतः सेकंदाला ६० वेळा, दाबाची दिशा उलटी केली जाते. परंतु ही उलटापालट पूर्णपणे समतोल राहत नाही. एका बाजूला किंचित दाब शिल्लक राहतो. द्रवात सूक्ष्म प्रमाणात विद्युतभारित अशुद्ध कण असतात. एकच चित्र तासन् तास राहिले, तर हा किंचित शिल्लक दाब त्या कणांना एका काचेकडे ओढीत राहतो आणि ते तेथे साचतात. मग आपण चित्र बदलले तरी साचलेला भार आपला दाब देतच राहतो आणि तेथील रेणू शेजारच्या रेणूंप्रमाणे पुरते वळत नाहीत. आपल्याला दिसणारी पुसट छाया ती हीच. उष्णतेने हे कण अधिक चपळ होतात. म्हणून दौंडकडच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या छपराखालील खोलीत, हा दोष लवकर प्रकट होतो.

जुन्या काचनळीच्या पडद्याची गोष्ट वेगळी होती. त्यात आतील चमकणारा लेपच झिजत असे आणि तो ठसा कायमचा राही. विहिरीच्या काठावरील दगडाला दोराने पडलेली खाच जशी भरून येत नाही, तसे ते होते. द्रवस्फटिकाच्या पडद्यावरील ठसा रानातल्या पायवाटेसारखा आहे. रोजची ये-जा थांबली, की पायवाटेवर गवत पुन्हा उगवते. मात्र वर्षानुवर्षे तुडविलेल्या वाटेवर गवत उगवणे कठीण होते. त्याचप्रमाणे महिनोन् महिने एकच चित्र दाखविलेल्या पडद्यावरील ठसा कधी कायमचाही राहतो. अनेक मोबाइल फोनांना ओलेड जातीचा पडदा असतो. त्यात स्वयंप्रकाशी ठिपकेच झिजतात, म्हणून तेथील ठसा जात नाही. तेव्हा मोबाइलचा अनुभव कार्यालयाच्या पडद्याला लावू नये.

ओळख आणि उपाय

दोष पडद्याचा की नोंदीचा, हे ठरविण्याची परीक्षा सोपी आहे. संगणकाला पडद्याचे चित्र टिपावयास सांगावे आणि ते टिपलेले चित्र दुसऱ्या पडद्यावर अथवा मोबाइलवर उघडावे. छाया तेथे दिसली नाही, तर ती पहिल्या पडद्याच्या काचेआड आहे, संगणकात नाही, हे सिद्ध झाले. मोबाइलच्या कॅमेऱ्याने पडद्याचे छायाचित्र घेऊन मात्र ही परीक्षा होत नाही, कारण कॅमेऱ्याला छायाही दिसते. नागरिकाच्या मनात शंका आली असेल, तर ही परीक्षा त्याच्यादेखत करावी. छापील उतारा दाखवून आणि शांतपणे कारण सांगून त्याची शंका फेडणे हे आपले कर्तव्यच आहे.

पहिला उपाय विश्रांतीचा. पडदा बंद करून ठेवावा. जितका वेळ चित्र स्थिर होते तितका वेळ पडदा बंद ठेवावा, असा साधा नियम उत्पादकांच्या पुस्तिकांत आढळतो. तासाभराच्या चित्राला तासाभराची विश्रांती पुरते; चार दिवसांच्या चित्राला काही दिवस द्यावे लागतील. काम थांबविणे शक्य नसेल, तर रात्री पडदा बंद ठेवावा आणि दिवसा रिकाम्या वेळी पूर्ण पांढरे अथवा सतत बदलणारे चित्र लावावे. काच दाबणे, घासणे, उन्हात ठेवणे किंवा पडदा उघडून पाहणे असले प्रयोग करू नयेत. त्यांनी ठसा जात नाही. उलट पडदा मात्र कायमचा बिघडतो.

दुसरा उपाय, आणि अधिक मोलाचा, म्हणजे ठसा पडूच न देणे. संगणकाच्या सेटिंग्जमध्ये, पॉवर या विभागात, काम थांबल्यावर किती मिनिटांनी पडदा बंद व्हावा हे ठरविता येते. तेथे १० मिनिटे ठेवावीत. उजेड गरजेपुरताच ठेवावा. जेवणास उठताना विंडोज आणि एल या कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे नागरिकांची माहितीही झाकली जाते. येथे आणखी एक लाभ आहे. पडदा २० वॅटचा धरला आणि तो रोज १६ तास विनाकारण चालू राहत असेल, तर वर्षाला सुमारे ११७ युनिट वीज वाया जाते.

प्रत्येक ठिकाणची गरज वेगळी असते. शाळेच्या वर्गात धडा संपल्यावर शेवटचे पान तसेच राहते. तास संपला की फळा पुसावा तसा पडदाही बंद करावा, आणि हे काम वर्गनायकाकडे द्यावे. चौकातील कॅमेऱ्यांचा पडदा रात्रंदिवस त्याच चौकटी दाखवितो, म्हणून त्यावर ठसा हमखास पडतो. तेथे लक्षात ठेवावे, की चित्रमुद्रण वेगळ्या यंत्रात होते. पडदा बंद केला तरी मुद्रण चालूच राहते. ज्या वेळी पाहावयास कोणी नसेल त्या वेळी पडदा बंद ठेवण्यास हरकत नाही. उसाच्या हंगामात वजनकाट्याच्या खोलीत एकच तक्ता अहोरात्र उघडा असतो. तेथे दोन पडदे पाळीपाळीने वापरावेत. ते जमत नसेल तर निदान पाळी बदलताना पडद्याला विश्रांती द्यावी.

जबाबदारी कोणाची?

शेवटी पदाधिकारी व अधिकारी यांच्यासाठी दोन शब्द. पडद्यावर छाया दिसली म्हणून लगेच निर्लेखनाचा प्रस्ताव करू नये. आधी विश्रांती द्यावी आणि कोणत्या तारखेस काय दिसले, किती दिवसांनी काय उरले, याची टीप जडसंग्रह नोंदवहीत शेऱ्यात लिहावी. छाया राहिली तरी अक्षरे स्वच्छ वाचता येत असतील, तर तो पडदा नागरिकांसमोरून हलवून अन्य कामास वापरता येतो. हमीपत्रही आधी नीट वाचावे. एकच चित्र सतत ठेवल्याने उद्भवणारा हा दोष अनेक हमीपत्रांतून वगळलेला असतो. आणि पडदा खरोखरच निकामी झाला, तर तो भंगारवाल्याच्या गाडीवर जाऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. जुन्या पडद्यांतील दिव्यांच्या नळ्यांत पारा असतो. त्या उकिरड्यावर फुटल्या तर तो पारा आपल्याच मातीत आणि पाण्यात उतरतो.

राहिली परिचालकाची गोष्ट. यंत्र हाती देताना त्याचा स्वभाव सांगितला नाही, तर दोष हाताळणाऱ्याचा की देणाऱ्याचा, याचा विचार आपण करावयास हवा. ज्या मुलाचे मानधन कापले गेले, त्याने काही बिघडविले नव्हते. सुटीवर जाताना पडदा बंद करा, एवढे वाक्य त्याला कोणी सांगितले नव्हते. ते वाक्य आज प्रत्येक कार्यालयात, संगणकाशेजारच्या भिंतीवर, ठळक अक्षरांत लिहून लावावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्याला खर्च एका कागदाचा येईल. परंतु त्यानंतर उतारा घेण्यास येणाऱ्या एखाद्या माऊलीला आपल्या नावामागे दुसऱ्याचे नाव दिसणार नाही, आणि क्वचित दिसलेच, तर ते का दिसते हे तिला धीराने समजावून सांगणारा कोणीतरी खिडकीपाशी असेल.