गावच्या संग्रहालयाला काय द्यावे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



संग्रहालय म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईची घुमटाची इमारत उभी राहते. शाळेची सहल, रांगेत चाललेली मुले, काचेमागच्या तलवारी. पण आपल्या राज्यात तालुक्याच्या आणि गावाच्या ठिकाणीही लहान लहान संग्रहालये आहेत. कुठे एखाद्या वाड्यातल्या चार खोल्या, कुठे वाचनालयाचा वरचा मजला, कुठे ट्रस्टची बैठी इमारत. त्यांच्याबद्दल आज थोडे बोलायचे आहे. ती कशी उभी राहतात, आणि आपण त्यांना काय देऊ शकतो, एवढाच विषय.

पहिली गोष्ट ही की, आपल्याकडची संग्रहालये मुळात लोकांच्या देण्यातूनच उभी राहिली आहेत. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली लोकांसाठी खुले झाले. त्याच्यासाठी नाना शंकरशेट यांच्यासारख्या नागरिकांनी वर्गणी उभी केली होती, आणि स्वतः डॉ. भाऊ दाजी त्या कामात राबले होते. मुंबईच्या घुमटाच्या इमारतीतही सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांनी जमवलेल्या वस्तू आहेत. ही झाली मोठ्यांची उदाहरणे. पण चष्म्याच्या दुकानातून एक अख्खे संग्रहालय उभे राहिल्याचे उदाहरण पुण्यात आहे.

दिनकर गंगाधर केळकर हे ते गृहस्थ. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला, आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीने तो आयुष्यभर पुरला. त्यांनी काय जमवले? अडकित्ते, दिवे, दौती, पाय घासायच्या वज्री, पेट्या, कोरीव दरवाजे, वाद्ये. लोकांच्या घरात रोज वापरात असलेल्या आणि वापरातून गेल्यावर अडगळीत पडलेल्या वस्तू. अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले, आणि 1975 साली सारा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

दुसरे उदाहरण तेरचे. धाराशिव जिल्ह्यातले, तेरणा नदीकाठचे हे गाव. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून आपण ते ओळखतो. पण दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर होते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या पुस्तकात लिहिले आहे की, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर आहे, आणि तिथले कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदरात येते. त्या तगराचे अवशेष या गावच्या पांढरीच्या मातीत होते. मणी, नाणी, भाजल्या मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या. गावातले रामलिंगप्पा लामतुरे यांनी हे सारे वर्षानुवर्षे गोळा केले. त्यांच्या संग्रहात एक हस्तिदंताची स्त्रीमूर्ती होती. 1938 साली इटलीत पाँपेई शहराच्या अवशेषांत अशीच भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळालेली होती. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्याआधीच ही कला समुद्रापार पोहोचली होती. आज तेरला शासनाचे संग्रहालय आहे, ते लामतुरे यांच्याच नावाने. एका गावकऱ्याने वस्तू उचलून जपून ठेवल्या नसत्या, तर मराठवाड्यातल्या एका खेड्याचा हा धागा कुणाच्या हाती लागला असता?

आता आपल्या घराकडे येऊ. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गावोगावचे वाडे पडले आणि त्या जागी इमारती आल्या. त्यात कुणाचा दोष नाही. घरातली माणसे वाढली, वाटण्या झाल्या, वासे कुजले. पण वाडा उतरवायच्या आठवड्यात काय होते ते आठवून पाहा. तांब्याची घंगाळे आणि बंब मोडीत जातात, वजनावर. लाकडी मापे जळणात जातात. आणि माळ्यावरचे कागद? मोडीतले कागद घरात कुणालाच वाचता येत नाहीत. त्यामुळे ते रद्दीत तरी जातात, नाहीतर बंबाच्या शेवटच्या विस्तवात.

इतिहासाचार्य राजवाडे असेच कागद शोधत गावोगाव पायपीट करत होते. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला, आणि पुढे बावीस खंड झाले. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यातही ते होते. लोकांनी आपली दप्तरे उघडून दिली म्हणून ते काम झाले. ज्यांनी दिली नाहीत, त्यांची दप्तरे पुढे वाळवीने उघडली.

तेव्हा पहिले देणे वस्तूंचे आणि कागदांचे. आपल्याला वाटते, आमच्याकडे कुठे काय ऐतिहासिक आहे? पेशव्यांचे पत्र किंवा शिवकालीन तलवार असेल तरच ते द्यायचे, अशी आपली समजूत असते. लहान संग्रहालयाला मात्र गावचा इतिहास सांगायचा असतो. किराणा दुकानाची जुनी रोजकीर्द आणि खतावणी, सावकारी रोखे, शाळेचे हजेरीपट, लग्नाच्या छापील पत्रिका, नाटक मंडळीची हस्तपत्रके, पिढ्यान्‌पिढ्यांची फोटोची पेटी, सुताराची-सोनाराची हत्यारे, मोटेचे सुटे भाग, यांतून तो सांगता येतो.

पण वस्तू देताना तिची हकिगत सोबत दिली नाही, तर निम्मे देणे हातचे जाते. साधे उदाहरण घ्या, पायलीचे. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले. त्याआधी सगळीकडची पायली सारखी नव्हती. त्यामुळे नुसती पायली संग्रहालयात आली, तर पाटीवर ‘धान्य मोजण्याचे माप’ एवढेच लिहिता येते. तीच पायली कोणत्या गावच्या, कोणत्या पेठेतल्या दुकानातली, तिने काय मोजत, तिच्यात किती शेर बसत, मजुरांची मजुरी तिनेच देत का, हे आजोबांनी सांगितले आणि कुणी लिहून घेतले, तर त्या पायलीतून गावचा बाजार कळतो. म्हणून आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांशेजारी वही घेऊन बसा. वस्तू अजून दहा वर्षे टिकेल. हकिगत टिकेलच असे नाही.

आणखी एक विनंती. देण्यापूर्वी वस्तू चकचकीत करू नका. तांब्याचे नाणे चिंचेने घासले की त्यावरची अक्षरे झिजतात, आणि अक्षरांवरच तर त्याचा काळ ठरतो. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, त्याचे लॅमिनेशन तर मुळीच करू नका. कागद ज्या रुमालात बांधले असतील, त्या रुमालासकट, त्याच क्रमाने द्या. त्या क्रमातही माहिती असते.

कायद्याचे दोन शब्द. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, चित्रे अशा काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते, आणि नोंदलेल्या वस्तूची मालकी बदलली की नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना काही मौल्यवान सापडले, तर 1878 च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे असते. ते परस्पर संग्रहालयाला देणेही बरोबर नाही, मग विकणे तर दूरच.

देताना दानपत्र करून घ्या. वस्तू कायमची दिली की पाहायला ठेवली, हे त्यात स्पष्ट असावे. ‘सध्या तुमच्याकडे राहू द्या’ असे तोंडी सांगून ठेवलेल्या वस्तूंवरून पुढच्या पिढीत भांडणे होतात आणि संग्रहालय कोर्टाच्या पायऱ्या चढते. भाऊबंदांची संमतीही आधी घ्या. नोंदवहीत आपल्या वस्तूला क्रमांक मिळाला का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. जिथे नोंदवही नीट नाही, तिथे आधी नोंदवहीसाठी मदत करा, वस्तू नंतर.

उलट बाजूने, आपणही काही अटी सोडायला हव्यात. ‘आमची वस्तू दर्शनी भागातच, नावाच्या पाटीसह कायम ठेवली पाहिजे,’ असा आग्रह पुष्कळजण धरतात. केळकर संग्रहालयात वीस हजारांपैकी सुमारे अडीच हजारच वस्तू मांडलेल्या असतात, म्हणजे आठातली एक. बाकीच्या कपाटात असतात. तिथे त्या अभ्यासकांना पाहता येतात, आणि उजेडापासून वाचतात. आणि संग्रहालयाने एखादी वस्तू नम्रपणे नाकारली, तर राग मानू नये. पंधरा जाती असताना सोळावे ठेवायला जागा कुठली?

आता पैशाचे. आपल्याकडे दालनाला देणगीदार मिळतो, कारण दालनाला नाव देता येते. वीजबिलाला मिळत नाही. मात्र लहान संग्रहालय अडते ते नेमके तिथे. पावसाळ्यापूर्वी कौले चाळायची असतात, पहारेकऱ्याचा पगार असतो, वाळवीचा बंदोबस्त असतो, लोखंडी कपाटे हवी असतात. एकदाच मोठी रक्कम देण्याइतकेच दरवर्षी ठरावीक थोडी रक्कम देणे उपयोगाचे आहे. ती येणार हे ठाऊक असले की विश्वस्तांना वर्षाचा अंदाज बांधता येतो. कुणाच्या स्मरणार्थ द्यायचे असेल, तर कायम ठेव करून तिच्या व्याजातून कपाटे आणि कागदांची डागडुजी व्हावी असे लिहून द्या. पावती घ्या, संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का ते पाहा. प्राप्तिकरातली सवलत हवी असेल, तर संस्थेला तशी मान्यता आहे का आणि आपण निवडलेल्या करपद्धतीत ती मिळते का, हे विचारून घ्या. दोन हजारांवरची रोख देणगी आणि वस्तूरूपाने दिलेले दान यांना ती सवलत नसते. गावाजवळ कारखाना असेल, तर त्याच्याकडेही जरूर जा. 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चात वारसा जपण्याच्या कामाचा समावेश आहे.

ज्यांच्याकडे वस्तू नाहीत आणि पैसाही बेताचा, त्यांनी वेळ द्यावा. निवृत्त शिक्षकांनी मोडी शिकून घ्यावी. काही महिन्यांच्या सरावाने साधे कागद वाचता येऊ लागतात. कॉलेजच्या मुलांनी मोबाइलवर वस्तूंचे नीट फोटो काढून यादी करावी. सुताराने दोन दिवस येऊन कपाटाची दारे बसवावीत. ही सगळी देणगीच आहे, आणि नोंदवहीत तिचीही नोंद व्हावी.

श्रोतेहो, दिवाळीच्या साफसफाईत यंदा माळा काढाल, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एक दिवस थांबा. जवळच्या संग्रहालयात तिकीट काढून जा, फिरून पाहा, आणि तिथल्या माणसाला विचारा, ‘तुम्हाला कशाची गरज आहे?’ बहुधा तो एखादे कपाट सांगेल, किंवा गळणारा कोपरा दाखवील. तेवढ्यापासून सुरुवात करू.