आक्कांच्या कॅसेटी आणि गाडीतला पेन ड्राइव्ह
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी साफ नाही म्हटले होते. साहित्यातले मला कळत नाही आणि सभेत उभे राहिले की पाय लटपटतात. त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही गाडीत त्या पेन ड्राइव्हवर गाणी लावता ना, तेच सांगा. निम्म्या जणींना ते साधत नाही." इतका सोपा विषय मिळाला म्हणून मी कबूल झाले. पण टिपण करावयास बसले तेव्हा ध्यानात आले, की आमच्या सासूबाईंचे सांगितल्यावाचून मला हे सांगता यावयाचे नाही.

सासूबाईंची थोरली बहीण, आक्का, वाईला राहत. गळा असा गोड, की जात्यावर बसल्या म्हणजे शेजारच्या बायका हातातले काम टाकून येत. १९८६ च्या श्रावणात आमच्या घरच्यांनी टेपरेकॉर्डर नेऊन त्यांच्या ओव्या आणि मंगळागौरीची गाणी चार कॅसेटींत भरून घेतली. पुढे पाच वर्षांनी आक्का गेल्या. तेव्हापासून वाईला जाताना गाडीत आक्का लावायच्या, असा आमच्याकडे रिवाजच पडला. "गाणी लाव" असे सासूबाई कधी म्हणाल्या नाहीत. "आक्काला लाव" म्हणत.

मागल्या वर्षी जुनी गाडी निघाली आणि नवी आली. तिला कॅसेटची फट नाही, सीडीचीही नाही. आहेत त्या दोन चौकोनी खाचा. आणि नेमके त्याच वेळी सासूबाईंचे वाईचे घर विकायचे ठरले. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाई. म्हणाल्या, एकदा डोळ्यांनी पाहून येते. वाटेत काय ऐकायचे हे त्यांनी सांगायला नको होते.

मी कॅसेटी काढल्या, तर एकीच्या फितीवर पांढरी बुरशी! ती गेलीच. उरलेल्या तिन्ही मी धसका घेऊन त्याच आठवड्यात संगणकावर उतरविल्या. कृती अवघड नाही. टेपरेकॉर्डरच्या कानात घालायच्या भोकातून वायर काढून ती संगणकाला जोडायची, इकडे कॅसेट चालवायची आणि तिकडे ध्वनिमुद्रण. मात्र तासाच्या कॅसेटीला तासच लागतो, घाई चालत नाही. मग बाजारातून ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला. घ्यायचा तर मोठाच घ्यावा, ही आपली बायकांची डब्यांच्या बाबतीतली सवय! त्यात सारे भरले आणि निघालो. गाडी लेक चालवीत होती.

कात्रज मागे पडल्यावर मी तो खाचेत घातला. काही नाही. दुसऱ्या खाचेत घातला, तर पडद्यावर अक्षरे उमटली, की हे उपकरण वाचता येत नाही. काढला, पुसला, पुन्हा घातला. शिरवळला चहाला थांबलो तेथेही खटपट केली. मागल्या बाकावरून सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. तिच्या मनात नसेल आज." आणि खंबाटकीचा घाट चढून सुरूर फाटा येईपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. घर पाहणे झाले, किल्ली दिली, परत आलो.

दोष ना गाडीचा होता, ना आक्कांचा. तो माझ्या अज्ञानाचा होता, आणि तेवढ्यासाठीच आज उभी आहे.

पहिले म्हणजे ती खाच. दोन खाचा सारख्या दिसल्या तरी पुष्कळ गाड्यांत एक नुसती मोबाइलला वीज पुरविणारी असते, तिला गाणी कळत नाहीत. गाण्याच्या खाचेवर बहुधा सुरांचे किंवा त्रिशूळासारखे चिन्ह असते. काही नव्या गाड्यांत आता लहान, लांबट खाच येते. तिला जोडतुकडा लागतो.

दुसरी गोष्ट माझी खरी चूक. पेन ड्राइव्हच्या आत सामान रचण्याची एक पद्धत असते. स्वयंपाकघरातल्या मांडणीसारखीच ती; मांडणी ओळखीची असेल तर पाहुणी बाईसुद्धा मोहरीचा डबा काढून देईल. गाडीतल्या बऱ्याच यंत्रांना 'फॅट-३२' नावाची जुनी मांडणीच ओळखते. ३२ जीबीहून मोठे ड्राइव्ह बहुधा 'एक्सफॅट' नावाच्या नव्या मांडणीने येतात, आणि आमची गाडी तेथेच अडली. म्हणून १६ किंवा ३२ जीबीचाच घ्या आणि संगणकावर 'फॉरमॅट' करताना फॅट-३२ निवडा. पण सांभाळून! फॉरमॅट केले की आतले सगळे पुसले जाते. आधी रिकामा आहे ना ते पाहा.

तिसरे, गाणी कोणत्या रूपात आहेत ते. मी कॅसेटी 'वेव्ह' रूपात उतरविल्या होत्या. त्यात आवाज जसाच्या तसा राहतो, पण मिनिटाला सुमारे १० एमबी जागा खातो, आणि गाडीतली काही यंत्रे तो घेतही नाहीत. 'एमपी-थ्री' मात्र बहुतेक सगळी घेतात. हे रूप जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या मंडळींच्या खटपटीतून पुढे आले, आणि १९९५ मध्ये त्याला हे आखूड नाव मिळाले. मोठ्या आवाजाखाली दबलेले जे बारीक आवाज कानाला कळतच नाहीत, ते यात गाळून टाकतात. मग मिनिटाला जेमतेम १ एमबी पुरते. गाडीसाठी एमपी-थ्री उत्तम. पण गाळलेले परत येत नाही, म्हणून मूळ वेव्ह घरी जपून ठेवावे.

शेजारच्या मुलाच्या मदतीने मी एवढे सगळे नीट केले, आणि महिनाभराने सासूबाईंना पुन्हा गाडीत बसविले. वाईला जायला आता घर नव्हते, पण गणपतीचे दर्शन होते. ड्राइव्ह घातला. घर्रर्र आवाज आला आणि आक्का सुरू झाल्या! पण निरोपाचे गाणे आधी, मग फुगडीचे, मग एकदम पहाटेच्या ओव्या. सासूबाई हसू लागल्या. "आक्का म्हातारपणी विसरायला लागली की काय!" त्याचे कारण असे, की मी गाण्यांना १, २, ३ असे आकडे दिले होते. यंत्र आकडा अक्षरासारखा वाचते, त्यामुळे त्याच्या लेखी १ च्या मागून १० येतो आणि २ पुढे कोठेतरी. ०१, ०२ असे लिहावे म्हणजे क्रम राहतो. काही यंत्रे तर ज्या क्रमाने भरले त्याच क्रमाने वाजवितात, तेव्हा भरतानाही ओळीनेच भरावे. नावे देवनागरीत लिहिली तर काही गाड्यांत नुसते चौकोन दिसतात; मला ते आवडत नाही, पण इंग्रजी अक्षरांत लिहिणे भाग पडते.

त्या दिवशी शिरवळच्या पुढे तिसऱ्या कॅसेटीत ओवी संपली आणि मागून एक पुरुषी आवाज आला, "अगं, चहा ठेवलास का?" मामंजींचा. त्यांना जाऊन पंधरा वर्षे झाली. ओव्यांच्या नादात इतक्या वर्षांत आम्हांपैकी कोणाचे तिकडे लक्षच गेले नव्हते. लेकीने गाडी कडेला घेतली. सासूबाई म्हणाल्या, "मागे ने. तेवढेच पुन्हा लाव." तीनदा लावले.

एक सांगायचे राहिले. पेन ड्राइव्हही अमर नाही. आत साठविलेला विद्युत्भार वर्षानुवर्षांनी झिरपतो आणि उन्हात तापलेल्या गाडीत तर त्याचे हालच होतात. तो गाडीपुरता, घरी संगणकावर एक आणि दुसऱ्या कोणाकडे एक अशा आणखी दोन प्रती हव्यातच. कॅसेटींना तर आता थांबायला वेळ नाही. आमची चौथी माझ्या आळसाने गेली, आणि तिच्यात काय होते हे सासूबाईंनाही आता नीट आठवत नाही.

माझा टेपरेकॉर्डर अजून चालू आहे. दर मंगळवारी दुपारी तीननंतर मी घरी असते. ज्यांच्याकडे आईच्या, आजीच्या कॅसेटी असतील त्यांनी घेऊन याव्यात. डबीवर नाव घालावे आणि फितीला बुरशी दिसली तर घरी वाजवून पाहू नये, तशीच आणावी. चहा मी ठेवीन.