वसुली की परतफेड?

बैठकीत ‘वसुली’ म्हटलं की आवणीच्या दिवसांत हात रिकामा असलेली बाई दाराशीच बसते, नाहीतर येतच नाही. शब्द मूळचा अरबी. ‘वुसूल’ म्हणजे पोहोचणं. पैसा जागेवर पोहोचला, एवढंच! धाक त्याला सावकारीनं चिकटवला, असं मला वाटतं.

आपला शब्द ‘परतफेड’. फेडणं म्हणजे सोडवणं, उतरवणं. आपण नवस फेडतो, आईबापाचे पांग फेडतो. गटाच्या पंचसूत्रीतही नियमित परतफेडच आहे, वसुली नाही.

तेव्हा विंझर आणि आसपासच्या गटांतल्या बायांनो, हप्ता चुकला तरी बैठक चुकवू नका. अडचण सांगा, मुदत वाढवून मागा, ठरेल ते इतिवृत्तात लिहून घ्या. भात विकल्यावर राहिलेले हप्ते भरता येतात.