कार्ल्याच्या खांबांवरचे यवन

ग्रीक-रोमन अवशेष म्हटले की अथेन्स आणि रोम आठवतात. पण जांबे, मारुंजी, हिंजवडी परिसरातल्या लोकांना त्या जगाची खूण एका सकाळीत पाहता येते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळ्याच्या अलीकडे कार्ल्याला जा.

एकवीरा आईचं दर्शन घेऊन अनेकजण शेजारच्या लेण्यातल्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनादालनात, डोकावतात आणि लगेच उतरतात. तसं करू नका. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या दालनातले खांब सावकाश पाहा. त्यांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं कोरली आहेत. त्यांतले कित्येक धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. त्यांची नावं मात्र सिहधय, धम्म अशी इथल्या मातीतली! मला हे फार मोलाचं वाटतं.

हे यवन इथवर आले ते बहुधा व्यापाराच्या वाटेने. त्या काळी कल्याणसारख्या बंदरांतला माल घाट चढून पैठण, तेरपर्यंत जाई. भारतीय मालापायी रोमचा पैसा वाहून जातो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवली आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर तर ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.

आणि जुन्नरची लेणीही चुकवू नका. तिथे इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिली, तर चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप. कार्ल्याला जाताना विजेरी सोबत ठेवा. आत उजेड कमी असतो. अक्षरांना हात मात्र लावू नका.