हिरड्यांतलं रक्त आणि रक्तातली साखर
(घाटकोपर इथल्या बायकांच्या आरोग्य-बैठकीत केलेलं भाषण)



बैठकीत मी आधी विचारते, ‘दात घासताना कुणाच्या हिरड्यांतून रक्त येतं?’ हात भराभर वर जातात. ‘डॉक्टरांना कुणी सांगितलं?’ सगळे हात खाली. मीही कित्येक वर्षं सांगितलं नव्हतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या, तरी साखर उतरत नव्हती. दवाखान्यात दरवेळी ऐकायचं : भात कमी करा, गोड सोडा. माझं तोंड उघडून कुणी पाहिलं नाही.

साखर चढलेली राहिली की जंतूंशी लढायची ताकद घटते. हिरड्या सुजतात, दाताभोवतीचं हाड झिजतं, दात हलायला लागतात. उलटही घडतं. हिरड्यांतल्या सुजेचा परिणाम रक्तातून अंगभर होतो, इन्शुलिनचं काम अडतं आणि साखर वाढते. हाराल्ड लो या दंततज्ज्ञांनी १९९३ साली हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं.

२०२२ साली कॉक्रेन या संस्थेने ३५ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. हिरडीच्या आतपर्यंत दात साफ केले, तर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीएवनसीचा आकडा तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ने उतरतो. म्हणजे साडेआठ असेल तर आठच्या आसपास. गोळ्या सोडायच्या नाहीत. पण त्यांच्या जोडीला हा उपचार हवाच.

‘साफ केल्याने दात हलतात’ ही भीती काढून टाका. दात किटणाने आणि सुजेने आधीच सैल झालेले असतात. मशेरी हीसुद्धा भाजलेली तंबाखूच. तिने दुखणं दबल्यासारखं वाटतं, रोग आत वाढतो, कॅन्सरचा धोका वेगळाच. पण मशेरी लावणाऱ्या बाईला नुसतं रागावून भागणार नाही. पहाटेपासून राबताना ती भूक मशेरीवर मारते, हेही पाहायला हवं.

खाजगी दवाखाना परवडत नाही म्हणून मुलुंडहून मुंबई सेंट्रलला महापालिकेच्या नायर दंत रुग्णालयात जायचं, तर कामावर खाडा पडतो. नवऱ्याच्या तपासणीची तारीख आपल्याला पाठ असते, स्वतःची मात्र पुढे ढकलली जाते.

म्हणून दोन गोष्टी करू या. साखर तपासायला जाल तेव्हा हिरड्यांचं आपणहून सांगा. आणि जिथे आपली साखर तपासतात तिथेच आपलं तोंडही तपासा, अशी मागणी वॉर्डात एकत्र जाऊन करू या. दात गेल्यावर कवळी मागण्यापेक्षा, दात आहेत तोवर तोंड उघडलेलं बरं!