पगारांतून कापला जाणारा कर

भल्या सकाळीं पुणें-मुंबई रस्त्यानें किंवा नाशिकच्या रस्त्यानें जो कोणी गेला असेल, त्यानें कारखान्यांच्या बसगाड्यांची रांग खचित पाहिली असेल. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि पुढें चिंचवड, भोसरी, आकुर्डी करीत करीत ही कारखान्यांची वस्ती थेट चाकणपर्यंत पोंचली. त्या गाड्यांतून जाणाऱ्या मंडळींच्या हातीं दरमहा एक पगारपत्रक येतें. त्यांतील कपातीचा रकाना फारसा कोणी वाचीत नाहीं. हातांत किती पडले तेवढें पाहून कागद बाजूस ठेवला जातो. आज त्याच रकान्यांतील आयकराच्या ओळीविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

आपल्या देशांत आयकर प्रथम १८६० सालीं जेम्स विल्सन यांनीं आणला. पगार देणाऱ्यानेंच तो कापून सरकारांत भरावा, ही तरतूद १९२२ च्या कायद्यांत होती. इंग्लंडांत १९४४ सालीं पगारागणिक कर कापण्याची जी व्यापक व्यवस्था सुरू झाली, तिचे प्रमुख शिल्पकार पॉल चेंबर्स हे त्यापूर्वीं हिंदुस्थान सरकारचे आयकर सल्लागार होते, ही गोष्टही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा कायदा आला, आणि १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५ च्या कायद्यानें घेतली. कायदे बदलले, पण मालकानें कापावें आणि मालकानेंच भरावें, हें तत्त्व कायम राहिलें.

आतां मालक हा हिशेब कसा करतो तें पाहूं. वर्षारंभीं तो कामगाराच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधतो, कायद्यानें दिलेल्या वजावटी वगळतो, उरलेल्या रकमेवर कर काढतो आणि तो महिन्यामहिन्यांत वांटून कापतो. कापलेली रक्कम साधारणपणें पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत सरकारांत भरावी लागते, आणि दर तिमाहीस कोणाचे किती कापले याचें विवरण द्यावें लागतें. २०२३-२४ पासून कामगारानें जुनी करपद्धति हवी असें कळविलें नाहीं, तर कपात नव्या पद्धतीनें होते. जुनी पद्धति निवडून विम्याच्या किंवा घरभाड्याच्या पावत्या वेळेवर न दिल्यास, जानेवारी ते मार्च या तीन पगारांवर एकदम मोठी कपात येते. या काळांत कित्येक घरांत जी कुरबुर ऐकूं येते, तिचें मूळ पुष्कळदां हेंच असतें.

पगार म्हणजे केवळ रोकड नव्हे. मालकानें फुकट दिलेल्या घराचें मूल्य पगारांत धरलें जातें. मात्र घरापासून कारखान्यापर्यंत नेणाऱ्या बसची सोय करपात्र धरली जात नाहीं. दिवाळीचा रोख बोनस पूर्णपणें करपात्र आहे. प्रॉव्हिडंट फंडांतील मालकाचा वाटा ठराविक मर्यादेपर्यंत करमुक्त आहे. आणि दरमहा २०० व फेब्रुवारींत ३०० रुपये जो कापला जातो, तो आयकर नव्हे. तो राज्याचा व्यवसाय कर होय.

परंतु या औद्योगिक पट्ट्यांत खरा प्रश्न उभा राहतो तो वेतनकराराच्या वेळीं. जुना करार संपतो, नव्याच्या वाटाघाटी लांबतात, आणि अखेर सही झाली म्हणजे मागील महिन्यांचा फरक एकरकमी हातीं येतो. पेढे वांटले जातात. पण दरमहा ९०,००० रुपये मिळविणाऱ्या एका कायम कामगाराचें उदाहरण घ्या. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीच्या दरांनीं त्याच्या १० लाख ८० हजारांवर कर शून्य होतो. त्याच वर्षीं मागील वर्षांचा ३ लाखांचा फरक मिळाला, तर ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १३ लाख ५ हजार उरतात, आणि उपकरासह ७८,७८० रुपये कर पडतो. फरकाचा चौथा हिस्सा गेला, असें पाहून तो मनुष्य हतबुद्ध होतो.

यावर उपाय आहे. १९६१ च्या कायद्याच्या ८९ व्या कलमांत तो होता, आणि नव्या कायद्यांतही ती सवलत राखली आहे. हा फरक ज्या त्या वर्षीं मिळाला असता तर जो कर पडला असता, त्याहून आज जितका अधिक पडतो तितकी सूट मिळते. सारा कर माफ होतो असें नव्हे. मागील वर्षांचे दरही हिशेबांत घ्यावे लागतात. मात्र ही सूट आपण होऊन मागावी लागते. १९६१ च्या कायद्याखालीं तिच्यासाठीं १०-ई हा नमुना भरावा लागे. मोठ्या कंपनीचें लेखा खातें ती पगारांतच देऊं शके. एकट्या मालकाच्या किंवा भागीदारीच्या छोट्या वर्कशॉपांतील माणसास ती विवरणपत्र भरतांना मागावी लागे. नकळत सोडून दिली, तर ती कोणी घरीं आणून देत नाहीं.

याहून गंभीर गोष्ट आहे ती विश्वासाची. मोठ्या कारखान्याकडून बिलाचे पैसे उशिरां येतात, पुढचा पगार तोंडावर येतो, आणि एखादा लहान कारखानदार कापलेला कर तात्पुरता धंद्यांत वापरतो. त्याची अडचण खरी असेल. पण ते पैसे त्याचे नव्हेत, कामगारानें भरलेला तो कर आहे. मालकास व्याज, दंड, प्रसंगीं खटलाही भोगावा लागतो. कापलेला कर कामगाराकडून पुन्हां मागतां येत नाहीं, असें कायदा सांगतो; तरी सरकारी खात्यांत नोंद नसल्यामुळें परतावा अडतो, नोटीस येते, आणि आपला पगार आपणच सिद्ध करण्याची पाळी येते.

म्हणून माझी विनंति एवढीच. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅन क्रमांकाखालीं कपातीची नोंद दिसते. दर तिमाहीनंतर ती पगारपत्रकाशीं ताडून पाहावी. तेथें पगाराऐवजीं कंत्राटाची किंवा व्यावसायिक सेवेची रक्कम म्हणून नोंद आढळली, तर मालक आपणांस नोकर मानीतच नाहीं असा त्याचा अर्थ असूं शकतो, आणि मग प्रॉव्हिडंट फंडाचीही चौकशी करावी. घरांतील शिकलेल्या मुलानें अगर सुनेनें हें काम अर्ध्या तासांत होतें. पहाटेच्या बसनें जाणाऱ्या माणसास त्यासाठीं वेळ मिळत नाहीं. घरच्या मंडळींनीं तेवढा द्यावा.